तांबड्या रक्ताचा हुकूम कोठून सुटतो

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरीं दोन रोगी होते. एक माझे थोरले बंधु व दुसरी आमची दुभती शेळी. दोघांचाही रोग दिसावयास एकच. बंधूंचे डोळे आंतून पांढरे, नखें पांढरीं, ओटा चढतांना धाप. शेळीची खालची पापणी कागदासारखी पांढरी, जबड्याखालीं पाणी उतरून आलेली मऊ सूज, व कळपाच्या मागें रेंगाळत चालणें. गुरांच्या डॉक्टरांनीं शेळीस जंताचें औषध देऊन वर लोहाचें पातळ औषध दिलें. बंधूंस घरच्या मंडळींनीं लोहाच्या गोळ्या, बीट, गूळ-शेंगदाणे व शेवग्याचा पाला सुरू केला. सव्वा महिन्यांत शेळी कळपाच्या पुढें चालूं लागली. बंधु मात्र होते तेथेंच राहिले. किंबहुना रक्त तपासलें तेव्हां आंकडा आधींपेक्षां खालीं आलेला.

मीं जन्मभर महसूल खात्यांत कारकुनी केली. वैद्यकी शिकलों नाहीं व तें सोंगही आणीत नाहीं. परंतु ज्या कागदाचा हिशेब जुळत नाहीं तो तसाच दप्तरांत बांधून ठेवण्याची मला संवय नाहीं. लोह दोघांसही मिळालें, मग एकास लागूं पडलें व दुसऱ्यास नाहीं, हें कसें? मनुष्यांच्या व गुरांच्या डॉक्टरांस विचारून व मिळेल तें वाचून मला जें समजलें तें येथें देतों. ज्यांच्या गोठ्यांत चार जनावरें आहेत त्यांनीं तें जाणून घेण्याजोगें आहे.

रक्ताचा तांबडेपणा त्यांतील तांबड्या कणांमुळें. फुप्फुसांतून प्राणवायु उचलून तो शरीरभर पोंचविणें हें त्यांचें काम. मनुष्याच्या एका घन मिलिमीटर रक्तांत, म्हणजे बारीक मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेंत, असे सुमारे ५० लाख कण असतात. गाईच्या तेवढ्याच रक्तांत सुमारे ७० लाख, घोड्याच्या ९० लाखांच्या आसपास, व शेळीच्या तर सव्वा कोटीच्या घरांत. यावरून शेळी रक्तानें श्रीमंत असें कोणी समजूं नये. पाळीव जनावरांत तिचा कण सर्वांत लहान. मापटें तेंच, एकांत हरभरे भरले, दुसऱ्यांत मोहरी, इतकाच फरक. उलट कोंबडीचा कण मोठा, लांबट व पोटांत केंद्र असलेला. ते ३० लाखांच्या आसपास. बेडकाचे त्याहून मोठे, म्हणून संख्येनें पांच लाखांच्या आंतबाहेर.

हे कण अमर नव्हेत. मनुष्याचा कण सुमारे १२० दिवस टिकतो, गाईचा दीडशे दिवसांच्या आसपास, कोंबडीचा अवघा महिनाभर. म्हणजे रोज जुने मोडावयाचे व तितकेच नवे घडावयाचे. मनुष्याच्या शरीरांत दर सेकंदास वीस लाखांवर नवे कण तयार होतात. हा कारखाना हाडांतील मगजांत असतो. जखम होऊन रक्त गेलें, जंतांनीं शोषलें, किंवा मनुष्य उंच डोंगरावर राहावयास गेला, कीं हाच कारखाना कितीतरी पटींनीं अधिक माल काढतो. भर भरली कीं पुन्हां मंदावतो. हाडाच्या आंत बसलेल्या मगजास बाहेरची टंचाई कळविणारा कोण, हाच खरा प्रश्न.

याचा शोध लागावयास फार वर्षें लागलीं. १८९० सालीं व्हियो नांवाचे फ्रेंच शास्त्रज्ञ पेरू देशांतील मोरोकोचा या चौदा हजार फुटांहून उंच असलेल्या खाणीच्या गांवीं राहिले. लिमा शहरांत असतांना त्यांच्या स्वतःच्या रक्तांतील कण ५० लाख होते. डोंगरावर तेवीस दिवस काढल्यावर मोजले तों ते ७१ लाख भरले. विरळ हवा व कणांची वाढ यांची गांठ येथें दिसली. कित्येकांचा तर्क असा कीं प्राणवायु कमी झाला कीं मगजास तो स्वतःच जाणवतो. परंतु १९०६ सालीं पॅरिसांत कार्नो व त्यांच्या सहकारी देफ्लांद्र यांनीं एका सशाचें रक्त काढलें, मागाहून त्याच सशाच्या रक्तांतील निवळ दुसऱ्या धडधाकट सशास टोंचली, आणि त्या दुसऱ्या सशाचे कण वाढले असें प्रसिद्ध केलें. रक्तांतून कांहीं निरोप जातो असें त्यांचें म्हणणें. पुढें तोच प्रयोग कित्येकांनीं केला. कोणास जमला, कोणास जमला नाहीं, आणि चाळीस वर्षें ही गोष्ट वादांत पडून राहिली. १९४८ सालीं फिनलंडांतील दोघां शास्त्रज्ञांनीं या निरोपास एरिथ्रोपोएटिन असें नांव दिलें. पदार्थ हातीं नव्हता, पण नांव मिळालें. आमच्या खात्यांतही सात-बारावर नांव आधीं चढतें व ताबा मागाहून मिळतो.

वाद मिटला तो उंदरांमुळें. १९५० सालीं राइसमन यांनीं दोन उंदीर शिवून असे जोडले कीं एकाचें रक्त दुसऱ्यांत जावें. एकास विरळ हवा दिली व दुसऱ्यास नेहमींची. दोघांचाही मगज सारखाच जोरांत कामास लागला. ज्यास प्राणवायूची ददात नव्हती त्याचा मगज कां जागा व्हावा? अर्थात् निरोप रक्तांतून आला. १९५३ सालीं अर्स्लेव यांनीं रक्त काढलेल्या सशांची निवळ निरोगी सशांस मोठ्या प्रमाणांत देऊन तेंच सिद्ध केलें. पूर्वींच्या मंडळींचें अपयश बहुधा थोड्या मात्रेमुळें होतें. राहिला प्रश्न निरोप पाठविणाऱ्याचा. १९५७ सालीं शिकागो येथें जेकबसन, गोल्डवॉसर व त्यांच्या सोबत्यांनीं उंदरांचीं इंद्रियें एकएक करून काढून पाहिलीं. प्लीहा काढली, अंडाशय-वृषण काढले, मेंदूखालची ग्रंथि काढली, तरी रक्त गेल्यावर निरोप सुटतच होता. मूत्रपिंडें काढलीं मात्र, आणि निरोप थांबला.

मूत्रपिंड म्हणजे मूत्र गाळणारी चाळणी एवढीच आपली समजूत. तेंच रक्ताचेंही कारभारी निघालें. यांतील गंमत अशी कीं तें कण मोजीत नाहीं. आपल्यापाशीं प्राणवायु किती पोंचला एवढेंच पाहतें. पिकाची आणेवारी काढतांना शेतांत पेंढ्या किती पडल्या याकडे कोणी पाहत नाहीं. मळून दाणा किती पदरांत आला तें पाहतात. तसेंच हें. म्हणूनच डोंगरावर गेलेल्या मनुष्याचे कण पुरे असूनही हुकूम सुटतो, कारण पेंढ्या आहेत पण दाणा कमी. ही पाहणी कशी होते हें अलीकडे उलगडलें. पेशींत एक प्रथिन सतत तयार होत असतें. प्राणवायु पुरेसा असला कीं तें कांहीं मिनिटांतच मोडून टाकिलें जातें. प्राणवायु घटला कीं तें टिकून राहतें व एरिथ्रोपोएटिनच्या कोठाराचें कुलूप काढतें. हें शोधून काढणारे सेमेन्झा, रॅटक्लिफ व केलिन या तिघांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मगजाकडून त्या हुकुमाची बजावणी होते ती शेतकऱ्यास चटकन् समजेल. नवे कण निर्माण करा असें हा स्राव सांगत नाहीं. मगज नेहमींच दाट पेरा करून ठेवतो. रोपें उगवतात, पण बहुतेक आपोआप मरून जातात. हा स्राव ज्या रोपांस पोंचतो तीं जगतात. टंचाईच्या वेळीं त्याचें प्रमाण शंभरपट, कधीं हजारपटही वाढतें, म्हणजे मरणारीं बहुतेक रोपें जगतात. सुबत्तेंत प्रमाण उतरतें व बहुतेक रोपें करपतात. पेरणी नव्यानें करावयाची नसल्यामुळें पीक लवकर येतें, पण तरी हुकूम कांहीं तासांत सुटला तरी नवे कण रक्तांत दिसूं लागण्यास तीन-चार दिवस लागतात व पुरती भर भरावयास कित्येक आठवडे. शिंग मोडून किंवा फाळ लागून पुष्कळ रक्त गेलेला बैल जखम भरली म्हणून लगेच औतास जुंपणें चूक, तें याकरितां. घोड्याचा प्रकार निराळा दिसतो. तो दौडूं लागतांच त्याच्या रक्तांतील कण एकाएकीं वाढतात. पण ते नवे नव्हेत. प्लीहेंत सांठविलेले जुनेच कण तो बाहेर काढतो. तो शिलकीचा माल; हुकुमाशीं त्याचा संबंध नाहीं.

मेंढीचा या शोधावर मोठा उपकार आहे. औषध देऊन पांडुरोगी केलेल्या मेंढ्यांच्या रक्तांतूनच गोल्डवॉसर यांनीं हा स्राव वेगळा करण्याची कित्येक वर्षें खटपट केली. मेंढीचा स्राव उंदरास लागूं पडतो, मनुष्याचाही पडतो. सस्तन प्राण्यांत हा हुकूम बहुधा एकमेकांस वाचतां येतो. मेंढीच्या पोटांतील कोंकरावरूनच असेंही दिसलें कीं जन्मापूर्वीं हा स्राव मूत्रपिंडांत नव्हे तर यकृतांत तयार होतो. जन्माच्या सुमारास कारभार मूत्रपिंडाकडे जातो. शेवटीं शुद्ध पदार्थ हातीं आला तो मात्र मेंढीच्या रक्तांतून नव्हे. जपानांतील मियाके यांनीं मगज निकामी झालेल्या रोग्यांचें २,५५० लिटर मूत्र गोळा करून, आटवून त्याची भुकटी शिकागोस नेली, व १९७७ सालीं त्यांतून जेमतेम आठ-दहा मिलिग्रॅम शुद्ध एरिथ्रोपोएटिन निघालें. त्या रोग्यांचें शरीर हुकुमावर हुकूम सोडीत होतें, पण मगजांत पेराच नव्हता, म्हणून तो सर्व मूत्रांतून वाहून जात होता. त्या चिमूटभर पदार्थावरून पुढें त्याचा मूळ सांचा सांपडला, आणि १९८९ सालीं अमेरिकेंत तें औषध म्हणून मंजूर झालें.

सस्तन प्राण्यांच्या बाहेर गेलें कीं दप्तर बदलतें. पक्ष्यांतही रक्त गेलेल्या पक्ष्याची निवळ दुसऱ्या पक्ष्याचे कण वाढविते. पण १९६६ सालीं असें दिसून आलें कीं पक्ष्याचा निरोप सस्तन प्राण्यास कळत नाहीं, व आपला पक्ष्यास कळत नाहीं. पद्धत तीच, मोडी निराळी. माशांत तर कारभार उलटा. माशाच्या हाडांत रक्त करणारा मगज नसतो. त्याच्या मूत्रपिंडाचा पुढचा भाग हाच कणांचा कारखाना. मग हुकूम सोडणारा कोण? २००४ सालीं फुगु नांवाच्या विषारी माशांत एरिथ्रोपोएटिन सांपडलें तें मुख्यतः हृदयांत. आफ्रिकेंतील नखें असलेल्या एका बेडकांत तें फुप्फुसांत व यकृतांत आढळलें. प्रत्येक जातीनें आपला अंमलदार निराळ्या चावडीवर बसविला आहे, पण अंमलदार सर्वांनींच ठेविला आहे. अपवाद म्हणण्याजोगा एकच कुलाचा मासा दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रांत आहे. त्याचें रक्त पाण्यासारखें पांढरें. त्यांत तांबडा रंग मुळींच नाहीं. अतिथंड पाण्यांत प्राणवायु पुष्कळ विरघळतो, त्यावरच तो जगतो. हें वाचलें तेव्हां मला क्षणभर खोटेंच वाटलें.

अधिक कण म्हणजे अधिक बळ असाही नियम नाहीं. पेरूच्या डोंगरांतील कित्येक मनुष्यांचा हुकूम थांबतच नाहीं. रक्त काकवीसारखें दाट होतें, डोकें दुखतें, धाप लागते. मोंगे या डॉक्टरांनीं १९२५ सालीं हा रोग वर्णिला. तिबेटी लोक तितक्याच उंचीवर पिढ्यानपिढ्या राहतात, पण त्यांचें रक्त तसें दाट होत नाहीं. त्यांच्या वंशांतच हुकूम आंवरता ठेवणारा बदल झालेला आहे असें २०१० सालीं कळलें, व तिबेटी कुत्र्यांतही त्याच जागीं बदल आढळला. आपल्याकडे हिंवाळ्यांत उजनी व जायकवाडीच्या जलाशयांवर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस उतरतात. ते हिमालय ओलांडून येतात. त्यांचें बळ कणांच्या संख्येंत नाहीं; विरळ हवेंतला प्राणवायु घट्ट धरणारा रंग त्यांच्या कणांत असतो.

मूत्रपिंडाचा हुकूम मुख्य, पण त्यावर दुसऱ्या स्रावांची शेरेबाजी चालते. कोंबड्याच्या रक्तांत कण कोंबडीपेक्षां अधिक असतात. तो खच्ची केला कीं त्याचे कण कोंबडीइतके उतरतात, व नराचा स्राव टोंचला कीं पुन्हां चढतात. पुरुषाचें रक्त स्त्रीपेक्षां थोडें अधिक असण्याचें एक कारण हेंच. गळ्यांतील ग्रंथि मंदावली तरी रक्त उतरतें. यांत फार खोल शिरत नाहीं, कारण गोठ्याच्या कामाची गोष्ट पुढें आहे.

ती अशी. हुकूम कितीही जोराचा सुटला तरी माल नसेल तर बजावणी होत नाहीं. आमच्या शेळीचें तेंच झालें होतें. पावसाळ्यांत शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटांत केसाएवढा एक पिळदार जंत होतो. एक जंत दिवसास सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त खातो. हें क्षुल्लक वाटेल. पण हजार जंत झाले कीं रोज ५० मिलिलिटर. तीस किलो वजनाच्या शेळीच्या अंगांत रक्त अवघें दोन लिटरांच्या आसपास. म्हणजे चाळीस दिवसांत अंगांतील सारें रक्त जंतांच्या पोटीं. त्या शेळीचीं मूत्रपिंडें धडधाकट. हुकूम सारखे सुटत होते व मगज राबत होता. पण गेलेल्या रक्ताबरोबर लोह व प्रथिन गेलें, कोठार रिकामें झालें. जंत मारले, लोह दिलें, पेंड थोडी वाढविली, तों हुकुमाची बजावणी झाली. जंत न मारतां नुसतें लोह दिलें असतें तर तें बुडाला भोंक असलेल्या कणगींत धान्य ओतल्यासारखें झालें असतें. दक्षिण आफ्रिकेंत खालच्या पापणीचा रंग ताडून पाहण्याचा पांच रंगांचा तक्ता केला आहे. पापणी फिकट दिसेल त्याच जनावरास औषध द्यावयाचें. सरसकट साऱ्या कळपास वारंवार औषध पाजलें कीं जंतांस तें पचूं लागतें. ही रीत आपल्याकडेही धरण्याजोगी आहे. पापणी उलटून पाहण्यास दाम लागत नाहीं.

तिसराही एक प्रकार आहे. कोठारांत लोह भरपूर, हुकूमही सुटलेला, पण कोठीवाला दार उघडीत नाहीं. यकृतांतून हेप्सिडिन नांवाचा दुसरा एक स्राव निघतो, त्याचा शोध या शतकाच्या आरंभीं लागला. शरीरांत जुनाट रोग किंवा जंतुदोष असला कीं तो वाढतो व लोहाचें दार लावून घेतो. २०१४ सालीं कळलें कीं घडत असलेले कोंवळे तांबडे कण स्वतःच एक स्राव सोडून ‘आम्हांस लोह पाहिजे, दार उघडा’ असें यकृतास कळवितात. म्हणून अंगांत जुना ताप मुरलेल्या जनावरास किंवा मनुष्यास नुसतें लोह देत राहणें पुष्कळदां व्यर्थ जातें. आधीं ताप शोधावा.

आतां बंधूंकडे वळतों. त्यांस वीस वर्षांपासून मधुमेह. मधुमेहानें मूत्रपिंडें हळूहळू निकामी झालीं, व शेवटीं रक्त यंत्रांतून गाळून घेण्यासाठीं आठवड्यांतून तीनदां तालुक्यास जावें लागूं लागलें. चाळणी गेली हें सर्वांस समजलें. चाळणीबरोबर कारभारीही गेला हें आम्हां घरच्यांस कोणासच कळलें नाहीं. मगज शाबूत, लोह पोटांत, पण हुकूमच सुटत नव्हता. रोपें उगवत होतीं व करपत होतीं. आम्ही मात्र बीट व पाला चारीत राहिलों. त्यांतून डॉक्टरांनीं शेवग्याचा पाला तात्काळ बंद करविला, कारण त्यांतील पोटॅशियम निकामी मूत्रपिंडांस बाहेर टाकतां येत नाहीं व तें हृदयास घातक होतें. ज्या पाल्यास आम्ही औषध समजलों तो अपाय करीत होता. हें लिहितांना मला संकोच होतो, पण दुसऱ्या कोणाच्या घरीं असेंच चाललें असेल म्हणून लिहितों.

त्यांस आतां एरिथ्रोपोएटिनची सुई ठराविक दिवशीं टोंचतात, व लोह शिरेवाटे देतात. दोन्ही लागतात. दोन महिन्यांत रक्ताचा आंकडा ६.८ वरून १०.४ वर आला. मीं कारकुनाच्या संवयीनें विचारलें कीं सुई वाढवून तो १४ वर कां नेऊं नये? डॉक्टर म्हणाले, नाहीं. मोठ्या तपासण्यांत, २००६ व २००९ सालीं, असें आढळलें कीं अशा रोग्यांचें रक्त निरोगी मनुष्याइतकें वर नेलें तर अर्धांगाचे व हृदयाचे झटके वाढतात. म्हणून दहा-साडेअकरा यांच्या दरम्यान ठेवतात. शर्यती जिंकण्यासाठीं ही सुई चोरून घेणारे खेळाडू याच कारणानें जिवाशीं खेळतात, व ऑलिंपिक मंडळानें तिला १९९० सालींच बंदी केली आहे. मनुष्याची सुई कुत्र्या-मांजरांसही देतात, पण पुष्कळांचें शरीर पुढें तिला परकी मानून तिच्याविरुद्ध उठतें, व मग त्याचा स्वतःचा स्रावही निकामी होतो. तेव्हां उरलेली सुई घरच्या जनावरास टोंचण्याचा विचार कोणी मनांतही आणूं नये.

बंधु आतां ओटा धाप न लागतां चढतात. सकाळीं शेळ्या सोडण्यापूर्वीं एकेकीची पापणी उलटून पाहण्याचें काम त्यांनीं आपणहून घेतलें आहे. शेवटची शेळी झाली कीं ते माझ्याकडे वळतात, आपल्या डोळ्याची खालची पापणी बोटानें ओढतात, आणि ‘माझी कशी आहे ती बघ’ म्हणतात.